ऑक्टोपस ते आर्थ्रोपोडा : विज्ञानाच्या शब्दांत लपलेला पाय

जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक उघडले की आर्थ्रोपोडा, गॅस्ट्रोपोडा, सेफॅलोपोडा, डेकापोडा अशा नावांची रांगच विद्यार्थ्यापुढे उभी राहते. परीक्षेच्या आदल्या रात्री ही नावे घोकली जातात आणि परीक्षा संपताच विसरली जातात. प्राथमिक शिक्षण मराठीतून घेऊन पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या गोव्यातील मुलांना तर या नावांचा धाक अधिकच वाटतो. शब्द इंग्रजी नाहीत, मराठीही नाहीत. मग ते आहेत तरी कोणाचे, असा प्रश्न त्यांना पडला तर नवल नाही.

हे शब्द ग्रीक घटकांपासून बनलेले आहेत आणि त्यांच्या शेवटी येणारे ‘पोडा’, ‘पॉड’ किंवा ‘पस’ यांचा अर्थ एकच, तो म्हणजे पाय. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा ग्रीक शब्द आणि मराठी माणसाच्या तोंडी रोज येणारा ‘पाय’ हे एकाच कुळातील आहेत. घोकावे लागणाऱ्या शब्दाचा निम्मा भाग विद्यार्थ्याच्या घरचाच असतो, फक्त तो त्याला कोणी ओळखून दिलेला नसतो.

एका कुळातील पाय

ग्रीक भाषेत पायाला ‘पूस’ म्हणतात. मात्र षष्ठी विभक्तीत त्याचे रूप ‘पोदोस’ असे होते, म्हणजे मूळ अंग ‘पोद्’ हे आहे. प्रथमेचे रूप लॅटिनच्या वाटेने ‘पस’ होऊन ऑक्टोपस, प्लॅटिपस यांसारख्या नावांत शिरले. अंगाचे रूप ‘पॉड’ किंवा ‘पोडा’ होऊन ट्रायपॉड, आर्थ्रोपोडा यांसारख्या शब्दांत राहिले. दोन वेगळे दिसणारे शेवट प्रत्यक्षात एकाच शब्दाची दोन रूपे आहेत.

संस्कृतचा परिचय असलेल्यांना ही रचना अनोळखी वाटणार नाही. वैदिक भाषेत पाय या अर्थी प्रथमेचे एकवचन ‘पात्’ आणि षष्ठीचे ‘पदः’ असे आहे. लॅटिनमध्ये हीच जोडी ‘पेस’ आणि ‘पेदिस’ अशी दिसते. ‘पदः’, ‘पोदोस’, ‘पेदिस’ ही तीन रूपे शेजारी ठेवली की नाते सांगण्यासाठी वेगळा पुरावा लागत नाही. विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात असे प्रतिपादन केले, ते अशाच साम्यांच्या आधारे. पुढे १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी जर्मन आणि इंग्रजीच्या शाखेतील ध्वनिबदलाचा नियम मांडला. या शाखेत मूळच्या ‘प’चा ‘फ’ होतो आणि ‘द’चा ‘ट’. म्हणून ‘पितृ’चा भाऊ ‘फादर’, ‘दश’चा भाऊ ‘टेन’ आणि ‘पद’चा भाऊ ‘फूट’.

मराठीत या शब्दाचा संसार आणखी मोठा आहे. ‘पाद’मधील ‘द’ प्राकृतात झिजला आणि ‘पाय’ उरला. पाऊल, पायरी, पायथा, पायवाट ही त्याचीच भावंडे. चार पायांपैकी एक म्हणजे चौथा हिस्सा, या अर्थाने ‘पाद’चा ‘पाव’ झाला; पाव किलोतील ‘पाव’ तो हाच. पाद कमी असलेले ‘पादोन’ ते ‘पाऊण’ आणि पादासहित असलेले ‘सपाद’ ते ‘सव्वा’. सकाळी पोदेर सायकलवरून घेऊन येतो तो पाव मात्र वेगळा. तो पोर्तुगीज ‘पांव’वरून आला असून त्याचा पायाशी काहीही संबंध नाही. फारसीतील ‘पाय’ही याच कुळातला. त्यातूनच पायजमा आला आणि बुद्धिबळाच्या पटावरचे ‘प्यादे’, म्हणजे पायी चालणारा सैनिक, हेही आले. छायाचित्रकाराचा ट्रायपॉड आणि जुन्या घरातली तिवई यांच्या अर्थात तसूभरही फरक नाही. दोन्ही तीन पायांची.

नाव वाचण्याची रीत

हे नाते एकदा ध्यानी आले की लांबलचक शास्त्रीय नाव दोन तुकड्यांत वाचता येते. शेवटचा तुकडा पाय सांगतो आणि पहिला तुकडा तो पाय कसा, किती किंवा कुठे हे सांगतो. याच्या सरावासाठी मासळीबाजार हे उत्तम स्थळ आहे.

ऑक्टोपस म्हणजे आठ पायांचा. ग्रीक ‘ऑक्तो’ आणि संस्कृत ‘अष्ट’ हे सख्खे शब्द असल्याने मराठीतील ‘अष्टपाद’ हे भाषांतर न वाटता मूळ शब्दाचाच दुसरा उच्चार वाटतो. ऑक्टोपस आणि माणक्यो ज्या वर्गात मोडतात तो सेफॅलोपोडा. ‘केफाले’ म्हणजे डोके. या प्राण्यांचे बाहू थेट डोक्याभोवती, तोंडाला वेढून असतात. मराठी परिभाषेने त्यांना ‘शीर्षपाद’ म्हटले. गोगलगाय आणि शंख यांचा वर्ग गॅस्ट्रोपोडा. ‘गास्तेर’ म्हणजे पोट. गोगलगाय पोटाखालच्या मांसल पायावर सरपटते, म्हणून ती ‘उदरपाद’. ही दोन्ही नावे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिए यांच्या अठराव्या शतकाच्या अखेरीच्या वर्गीकरणातून रूढ झाली. तिसऱ्या आणि खुबे यांच्या वर्गाचे एक जुने नाव पेलेसिपोडा असे आहे. ‘पेलेकुस’ म्हणजे कुऱ्हाड किंवा परशू. जिवंत तिसरी शिंपल्याच्या फटीतून परशूच्या पात्यासारखा चपटा पाय बाहेर काढते आणि त्याने वाळू उकरून आत शिरते. वाळूत बोटे घालून तिसऱ्या काढणाऱ्या कोणालाही हे नाव समजावून सांगावे लागणार नाही.

खेकडा, कोळंबी आणि शेवंड हे डेकापोडा, म्हणजे ‘दशपाद’. खेकड्याचे पाय मोजताना नांग्याही पायांतच धरायच्या, तरच दहाचा हिशेब जुळतो. कीटक हे हेक्सापोडा, म्हणजे सहा पायांचे. संस्कृतात भुंग्याला ‘षट्पद’ म्हणतात, तो शब्द याचे तंतोतंत प्रतिरूप आहे. ‘षट्’च्या जागी ग्रीकमध्ये ‘हेक्स’ दिसतो, कारण शब्दारंभीचा जुना ‘स’ ग्रीकमध्ये ‘ह’ झाला. ‘सप्त’चा ‘हेप्ता’ झाला तो त्याच नियमाने. खेकडे, कीटक, कोळी, विंचू, गोम या साऱ्यांना सामावून घेणारा प्रचंड संघ म्हणजे आर्थ्रोपोडा. हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फोन सीबोल्ड यांनी दिले. ‘आर्थ्रोन’ म्हणजे सांधा. ‘आर्थ्रायटिस’ या दुखण्याच्या नावातला सांधाही तोच. ज्यांच्या पायांना सांधे आहेत ते ‘संधिपाद’. आजवर वर्णन झालेल्या प्राणिजातींपैकी सुमारे ८० टक्के जाती या एका संघात मोडतात.

वृत्तपत्रांतील बातम्याही या रीतीने वाचता येतात. २०१८ मध्ये केरळमध्ये निपाह विषाणूचा उद्रेक झाला, तेव्हा फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या ‘टेरोपस’ या प्रजातीचे नाव चर्चेत आले. ‘प्तेरोन’ म्हणजे पंख. संस्कृतात ‘पत्र’ या शब्दाचा एक अर्थ पंख असाच आहे आणि दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. टेरोपस म्हणजे ‘पंखपाय’. शिळ्या पावावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीचे नाव ‘ऱ्हायझोपस’, म्हणजे मुळासारखे पाय असलेली. अमीबा आपल्या पेशीचा भाग पुढे ढकलून जो तात्पुरता पाय तयार करतो तो ‘स्यूडोपोडियम’, मराठीत ‘छद्मपाद’.

शंभर पाय, हजार पाय

पाय मोजून नाव देण्याचा मोह फार जुना आहे. पुरुषसूक्तात विराट पुरुषासाठी ‘सहस्रपात्’ हे विशेषण येते. इंग्रजीतील सेंटिपीड आणि मिलिपीड हे शब्द लॅटिन ‘पेस’वरून बनले असून त्यांचा अर्थ अनुक्रमे ‘शतपाद’ आणि ‘सहस्रपाद’ असाच आहे. पहिली गोम, दुसरा पावसाळ्यात अंगणात दिसणारा, बोट लागताच नाण्यासारखी गुंडाळी करणारा वाणी किंवा पैसा.

ही नावे मात्र मोजणीला टिकत नाहीत. प्रौढ गोमेच्या पायांच्या जोड्यांची संख्या सामान्यतः विषम असते. जातीनुसार ती १५ पासून १९१ पर्यंत जाते. शंभर पायांसाठी ५० जोड्या लागतील आणि ५० हा सम आकडा आहे. त्यामुळे नेमके शंभर पाय असलेली गोम सहसा सापडायची नाही. सहस्रपादाचे नावही दीर्घकाळ अतिशयोक्तीच होते. २०२१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील खोल वेधनविवरांतून मिळालेल्या एका जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रथमच हजाराहून अधिक, म्हणजे १,३०६ पाय असलेला प्राणी विज्ञानाला माहीत झाला.

शास्त्रज्ञांनी या दोन गटांना दिलेली ग्रीक नावे अधिक सावध आहेत. वाणीचा वर्ग डिप्लोपोडा, म्हणजे ‘दुहेरी पायांचा’, कारण त्याच्या शरीराच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. गोमेचा वर्ग कायलोपोडा, म्हणजे ‘ओष्ठपाद’, कारण तिच्या पायांची पहिली जोडी विषारी नख्या होऊन तोंडाखाली ओठासारखी बसलेली असते. आकडा चुकू शकतो. रचना पाहून दिलेले नाव सहसा टिकते.

पाय नसलेल्या पक्ष्याची कथा

तथापि नाव ग्रीक आहे म्हणून ते खरे असेलच असे नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यू गिनीच्या परिसरातील स्वर्गीय पक्ष्याचे आहे आणि त्या कथेचा एक धागा गोव्याशी जोडलेला आहे.

मॅगेलनच्या मोहिमेतील एक जहाज १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून स्पेनला परतले. त्या जहाजावर या पक्ष्यांची वाळवलेली कातडी होती. मोहिमेचा वृत्तांत लिहिणाऱ्या पिगाफेट्टा याने पक्ष्यांना बारीक पाय असतात असे नोंदवलेही होते. पण न्यू गिनीकडील स्थानिक लोक व्यापारासाठी कातडी तयार करताना पाय काढून टाकत, त्यामुळे युरोपात पोहोचणारे बहुतेक नमुने पायांविनाच असत. त्यावरून दंतकथा पसरली की, हा पक्षी जन्मभर आकाशातच राहतो आणि मेल्यावरच जमिनीवर पडतो. १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपांच्या सेवेत राहिलेला डच प्रवासी यान वान लिन्सखोटेन याने आपल्या प्रवासग्रंथात हीच समजूत नमूद केली. पुरावा म्हणून त्याने हिंदुस्थानात आणल्या जाणाऱ्या मृत पक्ष्यांकडे बोट दाखवले, कारण त्या पक्ष्यांना पाय नव्हते. त्याचा हा ग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे १७५८ मध्ये कार्ल लिनियस यांनी या पक्ष्याला ‘पॅराडायसिया अपोडा’ असे शास्त्रीय नाव दिले. ‘अ’ म्हणजे नाही, संस्कृतातला नकारार्थी ‘अ’ तोच. ‘अपोडा’ म्हणजे ‘अपाद’. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५७ मध्ये अरू बेटांवर हे पक्षी रानात प्रत्यक्ष पाहिले. ते आपल्या भक्कम पायांवर झाडांच्या फांद्यांवर नाचत होते. नाव मात्र बदलले नाही. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमानुसार आधी दिलेल्या नावाला अग्रक्रम असतो. ते नाव वर्णन म्हणून चुकीचे आहे, हे कारण ते रद्द करण्यास पुरेसे नसते.

याच नियमाने दुसऱ्या एका प्राण्याचे अचूक नाव हिरावून घेतले. ऑस्ट्रेलियातून आलेले एक विचित्र कातडे पाहून ब्रिटिश म्युझियमचे जॉर्ज शॉ यांना प्रथम शंका आली की, कोणी बदकाची चोच केसाळ प्राण्याला शिवून तर पाठवली नाही ना. खात्री पटल्यावर त्यांनी १७९९ मध्ये त्याचे नाव ‘प्लॅटिपस’ ठेवले. ‘प्लातुस’ म्हणजे रुंद, सपाट; संस्कृत ‘पृथु’ हा त्याचा भाऊ. सपाट पाय असलेल्या प्राण्याला हे नाव शोभून दिसत होते. परंतु लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या प्रजातीला ते १७९३ मध्येच देऊन झाले होते. शेवटी या प्राण्याला शास्त्रात ‘ऑर्निथोऱ्हिंकस’, म्हणजे ‘पक्षिचंचू’, हे नाव मिळाले आणि प्लॅटिपस हे नाव केवळ बोलीत उरले. एकाच नियमाने खोटे नाव राखले आणि खरे नाव काढून घेतले. शास्त्रीय नाव हे ओळखपत्र आहे, प्रमाणपत्र नव्हे, ते यासाठी.

जुने वाडे, किल्ले आणि पूल यांच्याखाली घरटी करणाऱ्या पाकोळीच्या प्रजातीचे नावही ‘एपस’, म्हणजे पाय नसलेली, असेच आहे. तिला पाय असतात. पण ते इतके आखूड असतात की ती तारेवर किंवा फांदीवर बसू शकत नाही, भिंतीला नख्यांनी लटकते. येथे नाव खोटे असले तरी ते देणाऱ्याचे निरीक्षण अगदीच वाया गेलेले नाही.

वल्ह्यासारखे पाय आणि नारू

या शब्दांचे महत्त्व परीक्षेपुरते नाही, हे कोपेपोडा या नावावरून लक्षात येते. ‘कोपे’ म्हणजे वल्हे. पाय वल्ह्यांसारखे मारत पाण्यात पोहणारे हे इवलेसे संधिपाद तळ्यांत, विहिरींत आणि समुद्रात असतात. त्यांतील सायक्लॉप्स हा मराठी मुलखातील मागच्या पिढ्यांना त्याच्या नावाने नव्हे, तर त्याच्यामुळे होणाऱ्या नारूने माहीत होता. नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात वाढत. तसे पाणी गाळल्यावाचून प्यायले की सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा कृमी माणसाच्या शरीरातून, बहुधा पायातूनच, बाहेर पडे. दाह शमवण्यासाठी रुग्णाने पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवला की नव्या अळ्या पाण्यात उतरत आणि चक्र पुन्हा सुरू होई.

ते चक्र तोडण्यासाठी सायक्लॉप्स नेमका कोण आणि केवढा, हे कळणे आवश्यक होते. तो फडक्याने गाळता येतो हे उमगले आणि दुपदरी कापडाने पाणी गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींत उतरण्यास आळा घालणे, असे साधे उपाय गावोगाव पोहोचवण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

फसवे शेवट

नात्याची ओळख पटली तरी प्रत्येक ‘पस’मध्ये पाय शोधणे योग्य नाही. ‘कॅम्पस’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ मैदान. ‘लुपस’ या रोगाच्या नावाचा अर्थ लांडगा. मेंदूतील ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला ते नाव पडले. त्यात घोडा आहे, पाय नाही.

रुग्णालयाच्या पाट्यांवर तर ही गफलत सहज होण्याजोगी आहे. ‘पोडियाट्री’ ही पायांच्या विकारांची शाखा. मधुमेही रुग्णाला तिची गरज पडते. ‘पेडियाट्रिक’ विभाग मात्र बालरुग्णांचा, कारण त्यातील ‘पेड’ हा ग्रीक ‘पाइस’, म्हणजे मूल, या शब्दापासून आला आहे. ‘पेडिक्युअर’मधील ‘पेडि’ पुन्हा पायच, पण लॅटिनमधला. मोडलेल्या हाडांसाठी ज्यांच्याकडे धाव घ्यावी लागते त्या ‘ऑर्थोपेडिक’ शाखेच्या नावातही पाय नसून मूल आहे. फ्रेंच वैद्य निकोला आंद्री यांनी मुलांच्या शरीरातील व्यंगे सरळ करण्याच्या विद्येसाठी १७४१ मध्ये हा शब्द घडवला.

ऑक्टोपसच्या इंग्रजी अनेकवचनाचा वादही याच गोंधळातून जन्मला. लॅटिनमधील अनेक ‘अस’कारान्त नामांचे अनेकवचन ‘आय’ने होते, म्हणून ‘ऑक्टोपाय’ असे रूप प्रचारात आले. पण शब्द ग्रीक असल्याने त्याचे मूळ अनेकवचन ‘ऑक्टोपोदेस’ असे होते आणि आज बहुतेक कोश ‘ऑक्टोपसेस’ या साध्या इंग्रजी रूपालाच पसंती देतात. मराठीला हा प्रश्नच पडत नाही. एक ऑक्टोपस, दोन ऑक्टोपस. ‘अष्टपाद’ म्हटले तरी तेच.

मराठी पारिभाषिक शब्द कृत्रिम आणि बोजड आहेत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अनेक शब्दांच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु संधिपाद, शीर्षपाद, उदरपाद, दशपाद, छद्मपाद ही मालिका त्या तक्रारीला उत्तर देऊ शकते. हे शब्द मूळ ग्रीक शब्दांशी तुकड्याला तुकडा जुळणारे आहेत आणि त्यांतील ‘पाद’ तर ग्रीक ‘पोद’चा रक्ताचा नातलग आहे. वर्गात ‘आर्थ्रोपोडा’ शिकवताना फळ्यावर शेजारी ‘संधिपाद’ लिहिला, तर त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. माध्यम बदलणाऱ्या मुलाला मात्र त्या दोन मिनिटांत एवढे कळते की, आधी शिकलेली भाषा मागे टाकून नव्याने सुरुवात करायची नाही. जुन्याच शिदोरीवर पुढची वाट चालायची आहे.